ठेवतोस कुठे?

सोहारच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर
आमचा दवाखाना, टायरच्या दुकानाला लागून.
शुक्रवारी रांग असते.
सुट्टीच्या दिवशीच आजारी पडता येतं इथे.

पोशट्टी चौथ्यांदा आला.
गाव बिलोलीच्या पलीकडे, बोली अर्धी मराठी अर्धी तेलुगू,
काम परांचीवर, साखर तीनशे ऐंशी.
डॉक्टर मुझम्मिल सुदानचे, माणूस सालस,
दर खेपेला डोस चार युनिटांनी वाढवतात
आणि म्हणतात, सिस्टर, याला जरा समजावा.
मी समजावते. तो मान डोलावतो.
तेवढंच काय ते तो नियमित करतो.

फॉर्मवर रकाने आहेत:
विडी? दारू? वडिलांना मधुमेह?
त्या दिवशी प्रिंटरची शाई संपलेली,
समोर फॉर्मच नव्हता,
म्हणून सहज तोंडातून गेलं,
इन्सुलिन ठेवतोस कुठे, बाबा?

बुटात, म्हणाला.
गावी जाताना घालायच्या नव्या बुटात, खाटेखाली.
खोलीत चौदा जण. फ्रिज एकच, मुकादमाचा, त्याला कुलूप.
एसी दिवसा बंद,
दिवसा आत असतंच कोण?

ऑगस्टात पत्र्याखाली
एक नवा बूट किती तापतो
ते औषधाच्या चिठ्ठीत छापत नाहीत.

मग त्याला धीर आला.
चारला उठतो, ताई, साडेचारला बस, नाश्ता नऊला.
सुई टोचून वर चढलो की हात थरथरतात,
खाली माणसं मुंगीएवढी.
एकदा पकड सुटली होती.
तेव्हापासून टोचतो म्हणून सांगतो,
टोचत नाही.

त्याच्या केसपेपरवर, माझ्याच अक्षरात, आठ महिन्यांपूर्वीचं:
'रुग्ण सहकार्य करत नाही.'

कंपनीच्या मंदूबला फोन केला.
तो म्हणाला, दवाखाना चालवता की पंचायत?
नाश्ता नऊलाच राहिला.
डॉक्टरांनी सुई रात्रीवर नेली.
आणि कॅम्पच्या फाटकाशी मोइदूचं बकाला, म्हणजे किराणा दुकान,
त्याच्या फ्रिजमध्ये, लबनच्या बाटल्यांशेजारी
एक प्लास्टिकचा डबा मावला.
डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव.
परतताना तिथेच टोचायचं, खिशात दोन खजूर असू द्यायचे.
खजुराचे पैसे मोइदू वहीत लिहितो
आणि ते पान पुन्हा उघडत नाही.

तीन महिन्यांची सरासरी अकरा होती,
आता आठ पूर्णांक चार.
सात नाही. पण डोस पहिल्याहून कमी,
आणि डब्यावर पट्ट्या पाच:
नूरुल, दिलबहादूर, कुणाकुणाच्या.
डॉक्टरांनी आकडा दोनदा पाहिला,
विचारलं, कोणतं औषध बदललंत?

मी हसले नाही.
मला कासिमभाई आठवले, दापोलीकडचे आचारी.
तळव्याला जखम. मी बजावलं होतं,
दोन महिने पाय टेकवायचा नाही.
तीनशे जणांच्या पोळ्या बसून लाटता येत नाहीत
हे मला माहीत होतं.
तरी बजावलंच, आणि पुढचा नंबर पुकारला.
आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग व्हिसा.

त्या रात्री गडहिंग्लजला फोन लावला.
आठ वर्षं रोज विचारते, आई, गोळी घेतलीस?
आठ वर्षं ती म्हणते, हो.
आज म्हटलं, बाटली आण बघू, मला उघडून दाखव.
बराच वेळ नुसतं छत दिसत राहिलं पडद्यावर.
मग तिचा आवाज, जरा ओशाळलेला:
तू पाठवतेस ना तिकडची,
तिचं झाकण दाबून फिरवावं लागतं गं,
बोटं वळत नाहीत.
दूधवाला आला की देतो उघडून.
नाही आला, तर नाही.